परदेशी तैनात असलेल्या मुलाला दिवाळीचा फराळ कसा पाठवावा?

एडिसनची आई (न्यू जर्सी, २८ सप्टेंबर)

नमस्कार. माझा धाकटा मुलगा अमेरिकेच्या आर्मीत आहे. जूनमध्ये त्याच्या युनिटला बाहेर पाठवलं. मध्यपूर्वेत आहे एवढंच तो सांगतो, त्यापुढे मी विचारत नाही. आजवर दरवर्षी काही ना काही करून तो दिवाळीला घरी यायचा. यंदाची ही त्याची घराबाहेरची पहिली दिवाळी. लक्ष्मीपूजन ८ नोव्हेंबरला आहे, गणपती नुकतेच गेले, म्हणजे अजून बराच वेळ हाताशी आहे असं मी धरून चालले आहे.

मनात असलेली यादी अशी: सासूबाईंच्या हातची भाजणीची चकली (त्यांची ऐंशी उलटली आहे, पण चकली त्याच पाडणार), करंज्या, अनारसे, बेसनाचे लाडू, पातळ पोह्यांचा चिवडा, शंकरपाळी. फराळाबरोबर उटणं, मोती साबण, वाटीभर सुगंधी तेल, एक आकाशकंदील, चार पणत्या, दोन पाकिटं फुलबाज्या आणि लक्ष्मीचा फोटो. ताईने भाऊबीजेसाठी हाताने शिवलेलं एक पाकीट दिलं आहे, तेही घालायचं आहे.

यातलं काय टिकेल, काय चालेल? पत्त्याचीही मला भीती वाटते, त्यात देशाचं नावच नाही. युनिट नंबर, बॉक्स नंबर, मग एपीओ, एई आणि एक झिप (पिनकोड), बस्स. खोका नक्की पोचेल ना?

(पत्ता काढून टाकला आहे, खाली ताईंनी सांगितल्यावरून.)

कोलोरॅडोकर (२८ सप्टेंबर)

ताई, सगळ्यात आधी प्रश्नातला युनिट नंबर आणि झिप काढा. माझी मुलगी आर्मीत मेडिक आहे. ती पहिल्यांदा कुवेतला गेली तेव्हा युनिटच्या फॅमिली ग्रुपने आम्हा घरच्यांना एकत्र बसवून पहिली गोष्ट हीच सांगितली होती: कोण कुठल्या युनिटमध्ये, कुठे आणि कधी परतणार, हे उघड्यावर लिहायचं नाही. तो सांगत नाही आणि तुम्ही विचारत नाही, हे अगदी योग्य चाललं आहे.

आता फराळ. तुमच्या यादीत करंज्या आणि अनारसे दिसले म्हणून हातातलं काम टाकून लिहायला बसले. खसखस घालू नका. चिमूटभरसुद्धा नको. फेब्रुवारी २०२३ मध्ये इथल्या संरक्षण खात्याने सगळ्या सैनिकांना लेखी कळवलं की खसखस असलेले पदार्थ टाळा. काही खसखशीत कोडीनचा अंश आधी समजत होते त्यापेक्षा जास्त निघतो आणि लघवीच्या तपासणीत तो दिसतो. आर्मीत ही तपासणी अचानक, कुणाचीही होते. इथल्या लोकांना खसखस माहीत असते ती बेगलवरची, नाहीतर लिंबाच्या मफिनमधली. आपल्या स्वयंपाकात ती किती ठिकाणी दडलेली असते हे तुमच्या मुलाला त्याचा सार्जंट सांगू शकणार नाही, ते आपणच सांगायला हवं. अनारसा खसखशीवर थापतात. करंजीच्या सारणात ती भाजून जाते. बाजारातल्या गोड्या मसाल्यात, कांदा-लसूण मसाल्यात असते. मी मूळची इचलकरंजीची, आमच्याकडे वर्षाच्या मसाल्यात खसखस पडतेच. लेकीसाठी म्हणून तिच्या वाटणीचा मसाला मी वेगळा कुटते आणि बाटलीवर तसं लिहून ठेवते. एवढं लहान प्रमाण काय करणार, असं कुणी म्हणेल. पोराच्या नोकरीचा प्रश्न असताना तो प्रयोग आपण का करायचा? भांगेच्या बियांचा, सीबीडीचा (भांगेतून काढलेल्या अर्काचा) कुठलाही पदार्थ तर मुळीच नाही. हल्ली तसली बिस्किटं आणि तेलं इथल्या दुकानांत सर्रास दिसतात.

अनारसे करायचेच असतील तर तिळावर थापा. करंज्या मात्र मी पाठवणार नाही. खसखस काढली तरी सुकं खोबरं राहतंच. खोका वाटेत गोदामात आणि लोखंडी कंटेनरमध्ये तापतो. कुवेतला ऑक्टोबरातही दुपारचा पारा पस्तिशीच्या आसपास असतो. खोबरं खवट होतं आणि त्याचा वास शेजारच्या पदार्थांनाही लागतो. त्यात करंजीच्या कडा फुटल्या की सारण खोकाभर.

काय चांगलं जातं ते सांगते. शंकरपाळी सगळ्यांत उत्तम. मोहन बेताचं घाला, मंद आचेवर आतपर्यंत कडक होऊ द्या आणि तळल्यावर रात्रभर कागदावर पसरून ठेवा. गरम किंवा कोमट असताना कधीही पिशवीत भरू नका, वाफ धरते. चकलीपेक्षा कडबोळी बरी, कमी मोडतात, भाजणी तीच. पण सासूबाईंच्या हातची चकली म्हणता, तर ती पाठवाच. चिप्सचे ते लांब गोल पुठ्ठ्याचे डबे येतात ना, त्यांत चकल्या एकावर एक रचा, मध्ये बटर पेपरच्या चकत्या घाला आणि वर मोकळी जागा उरली तर कागदाचा बोळा. डबा हलवून पाहा, आवाज आला नाही पाहिजे.

बेसनाचा लाडू उन्हात तूप सोडतो. खायला वाईट नसतो, पण पिशवीतून लगदा निघतो. रव्याचे पाकातले लाडू करा, नारळ न घालता. पाक थोडा पुढचा ठेवा म्हणजे लाडू घट्ट बसतील. डिंकाचे लाडू टिकतात, फक्त त्यात खोबरं आणि खसखस दोन्ही असतात, म्हणून ती दोन्ही वगळून खारीक, बदाम, डिंक आणि गूळ एवढ्यावर वळा. चिवड्यातून खोबऱ्याचे काप काढा, डाळं आणि काजू वाढवा, कढीपत्ता अगदी कुरकुरीत होईपर्यंत तळा. चिवड्याच्या लहान लहान पिशव्या करून मोकळ्या कोपऱ्यांत बसवा, तेवढाच डब्यांना आधार.

साबण आणि फराळ एका खोक्यात घालू नका, हे मोठ्या अक्षरात लिहून ठेवा. मोती साबण कितीही पिशव्यांत गुंडाळला तरी लाडवाला त्याचा वास येतो. साबण, उटणं, तेल यांचा दुसरा लहान खोका करा. उटणं घरी कुटलेलं असेल तर ते राहू द्या. २००१ मध्ये इथे पत्रांतून अँथ्रॅक्सची भुकटी पाठवली गेली तेव्हापासून टपालात सुटी पूड दिसली की सगळे सावध होतात. ‘कुणाही सैनिकाला’ असा मोघम पत्ता घालून भेटी पाठवायची सोयदेखील त्याच वर्षी बंद झाली. दुकानातलं सीलबंद, छापील नावाचं उटणं घ्या. रांगोळीचे रंगही नकोत, त्याऐवजी चिकटवायची रांगोळी मिळते. तेलाची बाटली लहान, झाकणावर टेप, आणि ती वेगळ्या पिशवीत.

फुलबाज्या नाहीत. काड्यापेटी, लायटर, फवाऱ्याचा डिओ, अत्तर, काहीच नाही. आकाशकंदील घडीचा, कागदी घ्या, तो सपाट जातो. पणत्या मातीच्या पाठवा, पण बहुतेक कॅम्पवर राहायच्या जागेत उघडी ज्योत चालत नाही हे त्याला माहीत असेल. बॅटरीच्या पणत्या मी टाळते. बॅटऱ्यांचे नियम वेगळे असतात आणि मोठ्या कॅम्पवरच्या पीएक्समध्ये, म्हणजे सैनिकांच्या दुकानात, तसे दिवे मिळतात.

लक्ष्मीचा फोटो पाठवा. त्या भागातल्या काही देशांत धार्मिक वस्तू गठ्ठ्याने पाठवायला मनाई असते, स्वतःपुरती एक चालते. दहा मित्रांना वाटायला दहा फोटो, असं करू नका. डुकराचं मांस आणि दारू तिकडे चालत नाही. आपल्या फराळात ती यायचा प्रश्न नाही, पण त्याच्या मित्रांसाठी काही विकतचं घालणार असाल तर बीफ जर्कीच्या पाकिटावरचे घटक वाचा, कधी कधी त्यात डुकराचं असतं. प्रत्येक एपीओच्या झिपला कुठले निर्बंध आहेत याची यादी टपालखातं छापतं. काउंटरवर झिप सांगितला की ते पाहून सांगतात.

पत्त्याची काळजी करू नका, देशाचं नाव नाही तेच बरोबर आहे. तुम्ही मायेपोटी खाली देशाचं नाव लिहाल आणि खोका त्या देशाच्या टपालात जाऊन अडकेल. एपीओ म्हणजे आर्मी आणि एअर फोर्सचं टपाल, एफपीओ म्हणजे नेव्हीचं. एई म्हणजे युरोप, मध्यपूर्व आणि आफ्रिका. खोका देशाबाहेर जात असला तरी टपालखर्च देशातल्या देशात पाठवल्यासारखाच लागतो. एपीओसाठी खास मोठा फ्लॅट रेट खोका असतो, साधारण बारा बाय बारा इंच, उंचीला साडेपाच. तो नेहमीच्या मोठ्या खोक्यापेक्षा थोडा स्वस्त पडतो आणि त्यात ७० पौंडांपर्यंत काहीही भरा, दर एकच. रिकामे खोके, टेप आणि लेबलं टपालखातं फुकट घरपोच देतं, ‘मिलिटरी केअर किट’ म्हणून मागवा. लाडू आणि शंकरपाळी यांसारख्या जड वस्तूंना फ्लॅट रेट परवडतो. नुसता चिवडा त्यात भरून पैसे घालवू नका.

तारखेचं मात्र तुमचं गणित मला पटत नाही. खोक्याला दोन-तीन आठवडे लागतात, कधी त्याहून जास्त. ट्रॅकिंगवर शिकागोपर्यंत दिसतं आणि मग बरेच दिवस काहीच दिसत नाही, तेव्हा घाबरू नका. नाताळासाठी टपालखातं दरवर्षी शेवटच्या तारखा जाहीर करतं, दिवाळीसाठी कुणी सांगत नाही, आपल्यालाच मोजावं लागतं. झिप ०९३ ने सुरू होत असेल तर एक्स्प्रेस सेवा नसते, म्हणजे ऐन वेळी पैसे टाकून घाई करायची सोयही नाही. मी चार आठवडे धरते. यंदा ते येतात ११ ऑक्टोबरला, तो रविवार. सोमवारी कोलंबस डेची सुट्टी. म्हणून शनिवारी १० तारखेला दुपारच्या आत खोका काउंटरवर गेला पाहिजे.

एडिसनची आई (२९ सप्टेंबर)

ताई, काय लिहू. खसखशीचं मला अजिबात ठाऊक नव्हतं. मुलाला रात्री मेसेज केला तर म्हणाला, हो, आम्हाला सांगितलं आहे, पण करंजीत असते हे मला कुठे माहीत.

दोन अडचणी आहेत. पहिली, कस्टम्सच्या फॉर्मवर काय लिहायचं? ‘इंडियन स्नॅक्स’ लिहिलं तर चालेल का? दुसरी तुम्हाला समजेल. १० तारखेला सर्वपित्री अमावास्या आहे. म्हणजे सगळं तळण पितृपंधरवड्यात येतं. सासूबाईंनी आजवर घटस्थापनेआधी दिवाळीची कढई चढवलेली नाही. त्या नाही म्हणाल्या नाहीत, पण गप्प झाल्या आहेत. मला त्यांना दुखवायचं नाही.

नॉरफोकवरून (२९ सप्टेंबर)

काकू, मी नेव्हीत आहे, सध्या किनाऱ्यावर. खोका उघडणाऱ्याच्या बाजूने थोडं लिहितो.

कोलोरॅडोच्या काकूंनी लिहिलेल्यात एकच भर. खोक्यात प्रत्येक पदार्थावर इंग्रजीत चिठ्ठी चिकटवा: नाव, आणि त्यात शेंगदाणे, काजू, गहू, दूध काय काय आहे ते. खोका एकट्याने कुणीच खात नाही. मेल कॉलला, म्हणजे टपाल वाटतात तेव्हा, ज्याचा खोका येतो त्याच्याभोवती सगळे जमतात, आणि कुणाला शेंगदाण्याची ॲलर्जी असेल तर ते आधी कळायला हवं. पहिल्या वर्षी आईने चिठ्ठ्या लावल्या होत्या म्हणून माझ्या शेजारच्या बंकवाल्याला मी चिवड्याऐवजी शंकरपाळी देऊ शकलो. नंतर तो दर मेल कॉलला शंकरपाळीचं विचारायचा.

जेवणाची तिकडे ददात नसते. मेसमध्ये भरपूर मिळतं, सणाला टर्कीसुद्धा. कमी असते ती चवीची. त्यामुळे फराळाइतकाच मला मेतकुटाचा डबा लागायचा. मेसमधल्या भातावर मेतकूट आणि थोडं बटर, एवढ्यावर माझं अख्खं जेवण व्हायचं. शेंगदाण्याची कोरडी चटणीपण छान जाते. लोणचं नको, तेल गळतं. मेतकूटही सीलबंद पाकिटातलंच पाठवा, वर पुडीबद्दल सांगितलं आहेच.

शांपू, टूथपेस्ट यांनी खोका भरू नका. मोठ्या कॅम्पवर ते मिळतं. तो लहान चौकीवर असेल तर गोष्ट वेगळी, तिथे ओले टिश्यू, चांगले मोजे आणि लिप बाम सोन्याच्या भावाचे. त्यालाच विचारा.

आणि पत्र. हाताने लिहिलेलं. आजीला दोन ओळी लिहायला सांगा. माझं मराठी वाचन कच्चं आहे, अक्षर अक्षर लावून वाचावं लागतं, म्हणून ते पत्र मला बरेच दिवस पुरलं. व्हिडिओ कॉल पाच मिनिटांत संपतो, त्यात अर्धा वेळ ‘आवाज येतोय का’ यात जातो.

कोलोरॅडोकर (२९ सप्टेंबर)

चिठ्ठ्यांचं या मुलाने फार नेमकं सांगितलं. मीही लावते.

फॉर्म. ‘इंडियन स्नॅक्स’, ‘गिफ्ट’, ‘फूड’ असं मोघम लिहिलं तर परत करतात. एकेक वस्तू इंग्रजीत, नग, वजन आणि किंमत: गव्हाच्या पिठाच्या गोड कुकीज, तांदूळ-डाळीच्या पिठाच्या तळलेल्या चकत्या, पोहे आणि दाण्यांचं मिश्रण, रवा-साखरेची मिठाई, कागदी कंदील, देवाचं छायाचित्र. २९७६-आर नावाचा फॉर्म हाताने भरून काउंटरवर दिला की ते संगणकावर घेतात. घरी बसून क्लिक-एन-शिपवर (टपालखात्याची ऑनलाइन सोय) केलात तर रांग वाचते. त्यात एक रकाना असतो, खोका पोचला नाही तर काय करायचं. ‘परत पाठवा’ यावर खूण करा. वस्तूंची एक यादी आणि त्याचा पूर्ण पत्ता कागदावर लिहून खोक्याच्या आतही टाका. बाहेरचं लेबल फाटलं तर तो कागद उपयोगी पडतो. टेप प्रत्येक जोडावर, पण खोक्याचा आकार बदलेल इतकं ठासून भरू नका, झाकण आपल्या घडीवर बंद व्हायला हवं, नाहीतर फ्लॅट रेट लागू होत नाही.

भाऊबीजेचं पाकीट घाला, रोख पैसे मात्र नकोत. माझा मुलगा बहिणीला ओवाळणी म्हणून पीएक्सचं गिफ्ट कार्ड देतो.

आता सासूबाईंचं. पितृपंधरवड्यात नवं, शुभ काही करायचं नाही हे आम्हीही पाळतो, आणि वडीलधाऱ्या बाईने ते मनापासून पाळलेलं असतं तेव्हा त्यावर इंटरनेटवरून निकाल देणं मला बरं दिसत नाही. मी केलं ते सांगते. ज्या वर्षी तारखा अशा आल्या त्या वर्षी आमच्याकडे घरची दिवाळी नेहमीच्या वेळी झाली, लक्ष्मीपुढे ठेवायचा फराळ तेव्हाच्या तळणातला. लेकीसाठी आधी केलं ते प्रवासाचं खाणं म्हणून केलं. गावाला निघालेल्या माणसाला शिदोरी देताना आपण पंचांग काढून बसत नाही. माझ्या सासूबाईंनी या विचारावर हरकत घेतली नाही. तुमच्या काय म्हणतील ते मला सांगता येणार नाही. पण त्यांना विचारा, परस्पर तळून मोकळ्या होऊ नका. नातवासाठी त्या जे ठरवतील ते त्यांचं असू दे. त्यांना नकोच वाटलं तर दुसरी वाट आहे: लाडू आणि चिवडा १० तारखेला पाठवा, चकली नवरात्र सुरू झाल्यावर करून वेगळ्या खोक्यातून. ती लक्ष्मीपूजनाला नाही पोचली तर तुळशीच्या लग्नापर्यंत पोचेल. तोवर दिवाळी असतेच.

एक राहिलं. त्याच्या कॅम्पवर चॅप्लेन (सैन्यातले धर्मगुरू) असणार. चॅप्लेन ख्रिस्ती असला तरी सगळ्या धर्मांच्या सैनिकांची सोय पाहणं हे त्याचं काम आहे. आर्मीत २०११ मध्ये प्रतिमा धर्म या पहिल्या हिंदू चॅप्लेन झाल्या, त्यामुळे हिंदू सण हा शब्द त्यांना आता नवा नाही. लक्ष्मीपूजनाला तासभर खोली हवी म्हणून मुलाने आत्ताच विचारून ठेवावं. माझ्या लेकीने विचारलं तर तिला चॅपलमागची एक खोली मिळाली, आणि एक तेलुगू मुलगा, एक नेपाळी सार्जंट आणि आयोवाची तिची मैत्रीण असे सगळे येऊन बसले. त्या खोलीसाठी म्हणून मी नेहमी अंदाजापेक्षा जास्त फराळ पाठवते. एका माणसाला पुरेल एवढा पाठवला तर तो मित्रांसमोर उघडायला पोराला संकोच वाटतो.

अपशिंगेची सून (३० सप्टेंबर)

ताई, मी साताऱ्याजवळच्या अपशिंगे मिलिटरीतून लिहिते. आमच्या गावात पहिल्या महायुद्धापासून घराघरातला माणूस फौजेत जातो. आमचे हे आता पेन्शनवर आलेत. तुमचं सगळं वाचलं. अमेरिकेची फौज वेगळी, पण आईचं तसंच आहे.

आम्हालापण पत्त्यात गाव लिहायचं नसतं. नंबर, हुद्दा, नाव, युनिट आणि ‘मार्फत ५६ एपीओ’, एवढंच. हे लेहकडे होते तेव्हा मी पार्सल केलं होतं, मिळालं. तिकडे थंडीने लाडू दगडासारखे झाले होते, तरी चुलीपाशी ठेवून खाल्ले म्हणाले. दक्षिण सुदानला यूएनच्या शांतिसेनेत गेले तेव्हा मात्र फराळ माणसाबरोबरच गेला. सुट्टीवर आलेला जवान परत निघाला की त्याच्या काळ्या ट्रंकेत आजूबाजूच्या चार घरांचे डबे जायचे. आपल्या डब्यावर नाव लिहायचं आणि त्याच्या हातात नारळ द्यायचा. तुमच्या मुलाच्या युनिटमधलं कुणी सुट्टीवर येऊन परत जाणार असेल तर त्याच्या घरच्यांना विचारून बघा.

पितृपंधरवड्याचं आमच्याकडे असं आहे की फौजेतला माणूस हुकमावर चालतो, त्याचा सण त्याच्या तारखेला होत नाही. यांची एक दिवाळी आम्ही जानेवारीत केली आहे, सुट्टी मिळाली तेव्हा. आकाशकंदील लावला, पोरांना पहाटे उठवून आंघोळी घातल्या, गावाने नाव नाही ठेवलं.

एडिसनची आई (१ ऑक्टोबर)

सगळ्यांची आभारी आहे. अपशिंग्याच्या ताईंचं मी सासूबाईंना मोठ्याने वाचून दाखवलं. त्यांचे वडील ब्रिटिशांच्या वेळच्या फौजेत बर्मा आघाडीवर होते, हे आमच्या घरात सगळ्यांना माहीत आहे, पण त्यांनी काल पहिल्यांदा सांगितलं की त्या लहान असताना आजी त्यांच्या वडिलांच्या नावाने प्रत्येक दिवाळीला एक डबा भरून ठेवायची, ते परत येईपर्यंत. पाठवायची सोय नव्हती. मग म्हणाल्या, भाजणी उद्या भाजू, तेवढी पितरांनाही चालेल.

ठरलं ते असं: चकली, कडबोळी, शंकरपाळी, रव्याचे लाडू आणि बिनखोबऱ्याचा चिवडा एका मोठ्या खोक्यात. दुसऱ्या लहान खोक्यात मोती साबण, विकतचं उटणं, तेल. कंदील, फोटो, भाऊबीजेचं पाकीट आणि सासूबाईंचं पत्र पहिल्या खोक्यात सगळ्यात वर. अनारसे यंदा नाहीत. चॅप्लेनला विचार म्हणून मुलाला कळवलं, अजून उत्तर नाही.

कोलोरॅडोच्या ताई, एकच विचारते. तो (महिना काढून टाकला आहे) परतणार. पुढे संक्रांतही येते. तिळगूळ पाठवायचा की नाही?

कोलोरॅडोकर (१ ऑक्टोबर)

महिना काढलात ते बरं केलंत. परतायच्या आधी युनिट एक तारीख कळवतं, त्यानंतर खोके पाठवू नका म्हणून. ती बहुतेक परतण्याच्या महिना-दीड महिना आधीची असते, कारण नंतर आलेलं सगळं उलट्या पावली परत फिरतं आणि महिनोन् महिने भटकतं. फॅमिली ग्रुपला आत्ताच विचारून ठेवा. तारखेत बसत असेल तर तिळाच्या वड्या पाठवा, गूळ चिक्कीचा घ्या म्हणजे पाझरणार नाही. बसत नसेल तर वड्या घरीच ठेवा, तो येऊन खाईल.

भाजणी भाजताना धणे-जिऱ्याबरोबर सवयीने खसखस पडत नाही ना तेवढं सासूबाईंना विचारा. काही घरांत घालतात.